चांदीचं तोंड काळं करण्याची कला

दिवाळीच्या आधीच्या पंधरवड्यात पुण्यातल्या लक्ष्मी रस्त्यावरच्या चांदीच्या दुकानात दोन प्रकारची गिऱ्हाइकं भेटतात. पहिल्या प्रकारात मोडणाऱ्या काकूंच्या पिशवीत निरांजन, अत्तरदाणी, करंडा आणि बाळकृष्ण असा घरचा ऐवज असतो, आणि तो सगळा काळवंडलेला असतो. ‘‘पांढरंशुभ्र करून द्या हो, मागच्या वेळेसारखं कोपऱ्याकोपऱ्यात काळं ठेवू नका,’’ असं त्या काउंटरवरच्या माणसाला बजावतात. शेजारच्या स्टुलावर त्यांचीच कॉलेजात जाणारी लेक बसलेली असते. ती काचेखालच्या एका काळ्याकुट्ट हारावर बोट ठेवून विचारत असते, ‘‘दादा, यात अजून डार्क नाही का?’’ दुकानदार दोघींनाही तितक्याच अदबीनं ‘होऊन जाईल’ म्हणतो. एकीकडून तो काळं काढायची मजुरी घेतो, दुसरीकडून काळं चढवायची.

गंमत अशी की काकूंच्या निरांजनावरचं काळं आणि लेकीच्या हारावरचं काळं रसायनशास्त्राच्या लेखी एकच. दोन्हीकडे चांदीचा गंधकाशी संबंध येऊन सिल्व्हर सल्फाइड झालेलं असतं. बाजार या दागिन्यांना ‘ऑक्सिडाइज्ड’ म्हणतो; त्या काळ्या थरात ऑक्सिजन औषधालाही नसतो, पण ‘सल्फाइड केलेली नथ’ म्हटलं तर गिऱ्हाईक आधी नाक झाकेल. फरक एवढाच, की निरांजनावर ते काळं न बोलावता, फुकट आणि वाटेल तिथे आलेलं असतं. हारावर ते आमंत्रण देऊन, पैसे मोजून आणि नेमून दिलेल्या जागी बसवलेलं असतं. काळेपणाची प्रतिष्ठा ठरते ती या शिस्तीवर.

सोनं या बाबतीत अगदी निर्विकार. शेकडो वर्षं जमिनीत पुरलेली मोहोर वर काढली तरी ती कालच टांकसाळीतून आल्याच्या तोऱ्यात चमकते. चांदीचा स्वभाव हळवा. हवेत हायड्रोजन सल्फाइडचा नुसता माग लागला तरी ती मनाला लावून घेते. आणि हा वायू कुठे नसतो? गटारातून येतो, कोळशाच्या धुरातून येतो, उकडलेल्या अंड्यातून येतो. त्यात लोकरीतही गंधक आणि रबरातही गंधक. चांदीचे चमचे नीट राहावेत म्हणून एखादी दक्ष गृहिणी ते रबरबँडनं बांधते, वर जुनी शाल गुंडाळते आणि कपाटात ठेवून देते. म्हणजे चमचे काळे करण्याची दुहेरी सोय होते. वर्षानं पुडकं उघडलं की प्रत्येक चमच्याच्या कमरेला काळा करदोटा! इंग्लंडातल्या बड्या घरांत न्याहारीच्या टेबलावर बाकी सगळं चांदीचं असे, पण अंडं खायचा चमचा मात्र हाडाचा, शिंगाचा किंवा शिंपल्याचा ठेवत. अंड्याच्या बलकाशी गाठ पडली की चांदीचा चमचा पहिल्याच घासाला खालमानेनं काळा पडायचा.

आपल्याकडे चांदी काळी पडली की दोष हवेला देत नाहीत, अंगावर बाळगणाऱ्याला देतात. ‘‘हिच्या अंगात उष्णता फार आहे, म्हणून पैंजण काळे पडतात,’’ असं निदान होतं आणि लगेच सब्जा, गुलकंद आणि धण्याचं पाणी सुरू होतं. दुसरा वैद्यकीय पंथ दृष्टीचा. चांदीनं वाईट नजर स्वतःवर घेतली, म्हणून बाळाच्या पायातला वाळा काळा झाला, असं हा पंथ मानतो. घाम, साबण, केसांचं औषध आणि शहराची हवा या चार संशयितांकडे कुणी ढुंकूनही पाहत नाही. दापोली तालुक्यातल्या उन्हवऱ्यासारख्या, गंधकाचा वास येणाऱ्या गरम कुंडांत तर जोडवी-पैंजणांसकट उतरलेल्या भाविक बाईला प्रत्यक्ष प्रचिती मिळू शकते. आत जाताना पांढरी असलेली जोडवी बाहेर येताना काळपट दिसली, की पाप धुऊन निघाल्याचा याहून ठळक पुरावा तो कोणता? जोडवी पुन्हा पांढरी करून देणाऱ्या सोनाराकडे मात्र पापाचा हिशेब नसतो, मजुरीचा असतो.

घरोघरी सोनाराकडे जाण्याआधी एक मोठं युद्ध होतं. चिंच, रिठे, रांगोळी, विभूती आणि दंतमंजन अशी पंचरंगी सेना चांदीवर सोडली जाते. शेवटच्या तिघांचं काम सरळ खरवडण्याचं. काळं निघतं, हे खरं. पण काळं म्हणजे काही बाहेरून चिकटलेली धूळ नव्हे. ते त्या चांदीचंच रूपांतर असतं. त्यामुळे काळं घासून काढलं की त्याबरोबर चांदीही मोरीत जाते. लग्नात माहेरहून आलेल्या चांदीच्या अन्नपूर्णेचा चेहरा तीन पिढ्यांच्या भक्तीनंतर पाहावा. नाक गेलेलं, डोळे सपाट, हातातली पळी हातातच विरघळलेली. मूर्ती अन्नपूर्णेची आहे की शंकराच्या पिंडीची, यावर घरात मतभेद होऊ शकतात. संग्रहालयांतले जाणकार म्हणूनच चांदीला कमीत कमी हात लावतात. ते कपाटात कोळशाची पूड ठेवतात, नाहीतर अगदी बारीक चांदीचे कण विणलेल्या कापडात वस्तू गुंडाळतात. येणारा गंधकवायू आधी त्या कापडातल्या चांदीवर तुटून पडतो. चांदीच्या संरक्षणासाठी चांदीच धारातीर्थी पाठवायची, असा हा राजेशाही बंदोबस्त.

त्याच अन्नपूर्णेच्या साडीच्या निऱ्यांत, मुकुटाच्या खोबणीत, जिथे आजीचं बोट आणि रांगोळी पोचली नाही, तिथे काळं टिकून असतं. आणि मूर्ती ओळखू येते ती नेमकी तेवढ्या भागात. कारागिरांना ही गोष्ट फार पूर्वी कळली. चांदीइतका प्रकाश परतवणारा दुसरा धातू नाही. डोळ्याला दिसणाऱ्या उजेडातला शेकडा पंचाण्णवच्या आसपास उजेड ती जसाच्या तसा परत पाठवते. आरशाला हा गुण शोभतो, नक्षीला नाही. कारागिरानं आठवडाभर खपून पदकावर मोर कोरावा आणि बघणाऱ्याला मोराऐवजी दुकानाची ट्यूबलाइट दिसावी, असं होतं. मग खोलगट रेषांत काळं भरायचं आणि वरचे उंचवटे घासून पांढरे ठेवायचे. पिसारा लगेच सुटा दिसतो, डोळ्याला डोळा येतो. धंद्यात याला ‘उठाव येणं’ म्हणतात. दागिना काळा करायचा नसतोच मुळी. त्याच्यावर सावली बसवायची असते.

ही सावली बसवणारं जगभरातलं लाडकं रसायन म्हणजे लिव्हर ऑफ सल्फर. पोटॅशियम कार्बोनेट आणि गंधक एकत्र तापवलं की काळजाच्या रंगाचे, तपकिरी खडे तयार होतात. त्यांत पोटॅशियमची निरनिराळी सल्फाइडं आणि थायोसल्फेट यांचा काला असतो. हे खडे भलतेच नाजूक. उजेड सोसत नाही, दमट हवा सोसत नाही. बाटलीचं झाकण सैल राहिलं की पावसाळ्यात पांढरट पडून निकामी होतात. हल्ली ते रसायन जेलच्या रूपात मिळतं आणि पुष्कळ टिकतं. चांदी काळी पडू नये म्हणून जेवढी काळजी घ्यावी लागत नाही, तेवढी ती काळी करणारं औषध खराब होऊ नये म्हणून घ्यावी लागते.

आणि वास! एका वाटीभर गरम पाण्यात वाटाण्याएवढा खडा टाकला, की नासक्या अंड्यांचा भपका सुटतो. हौशी कलाकारानं हा उद्योग फ्लॅटच्या स्वयंपाकघरात केला, तर सोसायटीच्या जीवनात हालचाल निर्माण होते. दुसऱ्या मजल्यावरचे काका शाकाहारी इमारतीत अंडी कुणी उकडली याची चौकशी करतात. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी गॅस एजन्सीला फोन लावतात. सेक्रेटरी प्लंबरला घेऊन ड्रेनेजची झाकणं उघडायला लागतात, आणि झाकणं उघडल्यावर वासाला खरोखरच दुसरा उगम मिळतो. ज्याच्यामुळे हे सगळं झालं तो कलाकार खिडकी उघडून, हातात चिमटा धरून, वाटीत लटकणाऱ्या कर्णफुलाकडे टक लावून बसलेला असतो.

टक लावून बसायलाच लागतं, कारण चांदी एकदम काळी होत नाही. आधी ती फिकट सोनेरी होते, मग तांबूस, मग गुलाबी-जांभळी, मग मोरपिशी निळी, आणि त्यानंतर राखाडीवरून काळी. या रंगांत कुठलंही रंगद्रव्य नसतं. सल्फाइडचा थर मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाहूनही पातळ असतो. थराच्या वरून आणि खालून परतणारा प्रकाश एकमेकांत मिसळतो आणि जाडीप्रमाणे रंग बदलतो. निळा आला की गार पाण्यात बुडवून थांबायचं. खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात एक बुडी दिली की उरलंसुरलं रसायन निष्प्रभ होतं. पण निळा पाहिल्यावर ‘अजून जरा गडद येईल’ हा विचार मनात न येणारा कलाकार अजून जन्माला यायचा आहे. तो आणखी एकदा बुडवतो. कर्णफूल काळं होतं. मग तो भेटणाऱ्याला सांगतो, की त्याला काळंच हवं होतं.

पाणी गरम हवं, उकळतं नको. उकळलं की वायू भसाभस सुटतो आणि वाटीत काम करायला काही उरत नाही. चांदी स्वच्छ हवी, बोटाचा तेलकट ठसा राहिला तर तेवढा भाग पांढराच राहतो आणि कर्णफुलावर कलाकाराची ओळखपरेड कायमची छापली जाते. बहुतेक दागिन्यांची चांदी ९२.५ टक्के असते, उरलेलं ७.५ टक्के बहुधा तांबं. हे तांबंही गंधकाच्या नादी लागतं आणि काळं करायला हातभार लावतं. निव्वळ शुद्ध चांदी त्या मानानं संथपणे काळवंडते. शुद्ध चारित्र्याच्या माणसाला बिघडायला वेळ लागतो, पण संगत तांब्याची असेल तर काम लवकर होतं.

इथवर विनोद ठीक. मात्र या वाटीत ॲसिडचा थेंब पडू द्यायचा नाही. सोनाराच्या बाकावर तेजाबाची बाटली हाताशी असतेच. तिची आणि लिव्हर ऑफ सल्फरची भेट झाली की हायड्रोजन सल्फाइड एकदम आणि भरपूर निघतो. हा वायू विषारी आहे आणि शिवाय लबाड आहे. हवेच्या दशलक्ष भागांत त्याचा एक भागही नसतो तेव्हा नाक बोंब मारतं. प्रमाण शंभराच्या आसपास गेलं की वासाची जाणीवच बधिर होते. ‘वास गेला, चला बरं झालं’ असं वाटतं तोच क्षण दार उघडून बाहेर पळण्याचा असतो.

बाजारात दुसरी काही तयार द्रावणं मिळतात. ब्रशानं लावलं की चांदी जागच्या जागी काळी. यांतल्या काहींत हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये विरघळवलेलं टेल्युरियम डायऑक्साइड असतं. इथे अंड्याचा वास येत नाही, पण टेल्युरियमची स्वतःची खोड आहे. त्याचा अंश शरीरात गेला, तर श्वासाला आणि घामाला लसणाचा वास येऊ लागतो आणि तो दिवसेंदिवस जात नाही. चातुर्मासात कांदा-लसूण सोडलेल्या घरात एखाद्या कारागिरानं हातमोजे आणि खेळती हवा यांत हयगय केली, तर रात्री जेवताना त्यानं घरच्यांपुढे कुठली शपथ घ्यावी हा प्रश्नच आहे. घरातलं कपडे धुण्याचं ब्लीचही चांदी काळवंडवतं. तिथे आधी सिल्व्हर क्लोराइड होतं आणि उजेडात ते गडद होत जातं. अंगठी काढायला विसरून फरशी पुसणाऱ्यांना हा प्रयोग न शिकवता येतो.

ज्यांना दुकानातली कुठलीच बाटली नको, त्यांच्यासाठी अंडं. एक अंडं पूर्ण कडक उकडायचं, गरम असतानाच कापायचं आणि दागिन्यासकट घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवून द्यायचं. एकमेकांना चिकटवायचं नाही, नुसता सहवास द्यायचा. काही तासांत चांदी सोनेरी-तपकिरी होऊ लागते आणि धीर धरला तर आणखी गडद. सोवळ्याओवळ्याच्या घरात हा प्रयोग करणाऱ्या सुनेला एक तात्त्विक अडचण येते. मंगळागौरीसाठी घेतलेली चांदीची बुगडी रात्रभर अंड्याच्या डब्यात राहिली, तर ती शाकाहारी की मांसाहारी? अंड्यानं बुगडीला स्पर्श केलेला नाही, हा मुद्दा तिच्या बाजूनं जातो. बुगडीवरचा काळा थर मात्र अंड्यातल्याच गंधकाचा आहे, हा मुद्दा सासूबाईंच्या बाजूनं. अशा वादात रसायनशास्त्र्यानं पडू नये.

अंड्याची ही युक्ती इंटरनेटच्या काळातली वाटते, पण ती किमान १९०० वर्षांहून जुनी आहे. रोममधला थोरला प्लिनी यानं इ.स. ७७च्या सुमारास पुऱ्या केलेल्या आपल्या ‘नॅचरल हिस्टरी’त ती नोंदवून ठेवली आहे. कडक उकडलेल्या अंड्याच्या बलकानं चांदी काळी होते, असं तो सांगतो, आणि व्हिनेगर व खडू यांनी घासलं की ते काळं निघून जातं, हेही सांगतो. म्हणजे काकूंची चिंच-रांगोळी आणि लेकीची फॅशन, दोन्ही एकाच वाक्यात. त्याच भागात इजिप्तच्या लोकांची पक्की कृती आहे. चांदी, तिच्या एक तृतीयांश सायप्रसचं तांबं आणि चांदीइतकंच गंधक, हे सगळं मातीनं लिंपलेल्या मडक्यात भाजायचं. इजिप्तच्या लोकांना आपल्या भांड्यात अनुबिस देवाचं दर्शन व्हावं म्हणून ते चांदी अशी रंगवत, आणि ही टूम पुढे विजयोत्सवातल्या पुतळ्यांपर्यंत गेली, असं तो लिहितो. त्याला नवल वाटलं ते निराळ्याच गोष्टीचं. चकाकी घालवलेल्या चांदीला चकचकीत चांदीहून जास्त भाव येतो, हे काही त्या बिचाऱ्याच्या पचनी पडलं नाही. लक्ष्मी रस्त्यावर स्टुलावर बसलेल्या काकूंची आणि त्याची चांगली गट्टी जमली असती.

प्लिनीचा शेवटही गंधकानंच केला, असं म्हणायला जागा आहे. इ.स. ७९मध्ये व्हेसुव्हियस फुटला तेव्हा हा गृहस्थ आरमाराची जहाजं घेऊन किनाऱ्याकडे निघाला. थोडी माणसं वाचवायला आणि थोडं जवळून बघायला. ज्वाळांच्या आधी गंधकाचा वास आला, बाकीचे पळाले, आणि हा दोन गुलामांच्या आधारानं उठला तो लगेच कोसळला, असं त्याच्या भाच्यानं इतिहासकार टॅसिटसला लिहिलेल्या पत्रात आहे. धुरानं श्वास कोंडला, असा भाच्याचा तर्क.

काळं आणि पांढरं यांची अदलाबदल बघायची असेल तर लातूर-उदगीरवरून पुढे बीदरला जावं. बिदरी कामात चांदी पांढरी राहते आणि काळा होतो तो तिच्या भोवतीचा धातू. हा धातू मुख्यतः जस्त, त्यात थोडं तांबं. सुरई किंवा पानदान ओतून झालं की कारागीर आधी त्यावर मोरचुदाचं पाणी फिरवतात. पृष्ठभाग तात्पुरता काळा होतो आणि त्यावर कोरलेली रेष स्पष्ट दिसते. त्या खाचांत चांदीची तार ठोकून बसवतात. मग घासून सगळं पुन्हा पांढरं करतात, इतकं की तार कुठे आणि भांडं कुठे ते कळेनासं होतं. महिनाभराची मेहनत गायब! शेवटी भांडं थोडं तापवून त्यावर बीदरच्या किल्ल्यातल्या मातीचा आणि नवसागराचा लेप चोळतात. जस्ताचा मिश्रधातू काळाभोर होतो, चांदीला ढिम्म काही होत नाही, आणि वेलबुट्टी अंधारातून एकदम वर येते.

माती मात्र वाटेल ती चालत नाही. किल्ल्याच्या जुन्या इमारतींतली, वर्षानुवर्षं ऊन-पाऊस न लागलेली, क्षारांनी भरलेली माती लागते. ती पारखायची कशी? जाणता कारागीर चिमूटभर माती जिभेवर ठेवतो. चवीवरून काळेपणाचा अंदाज बांधणारा हा जगातला बहुधा एकमेव धंदा असावा. आणि एवढं सगळं निगुतीनं झाल्यावर ते पानदान मुंबईच्या दिवाणखान्यात येतं. काही वर्षांत हवेतला गंधक आपलं काम करतो, चांदीही काळी पडते, आणि पाहुण्यांना काळ्या भांड्यावरची काळी नक्षी कौतुकानं दाखवायची वेळ येते.

तुळशीबागेत, कुलाब्याच्या कॉजवेवर किंवा नवरात्रात जागोजागी लागणाऱ्या स्टॉलवर ‘ऑक्सिडाइज्ड’ म्हणून जे ढिगानं मिळतं, त्यात बहुतेक वेळा चांदीचा संबंध नसतो. पितळ, तांबं, जर्मन सिल्व्हर नाहीतर कसला तरी पांढरा धातू आणि वर काळी छटा. जर्मन सिल्व्हरमध्ये तांबं, निकेल आणि जस्त असतं; चांदी फक्त नावात. पण ‘ट्रॅडिशनल डे’ला खणाच्या ब्लाउजवर घालायला हे दागिने सोयीचे. लोकलच्या गर्दीत तुटले तर हळहळ नाही, हरवले तर पोलिसांत जायला नको. खऱ्या चांदीवर लटकं काळं आणि खोट्या चांदीवर तेच काळं, अशा दोन ताटांत मुली निवांत घासाघीस करतात. भाव ठरतो तो काळ्याच्या छटेवर.

नाण्यांच्या जगात हीच छटा वयाचा दाखला बनते. राणीछाप रुपया ११.६६ ग्रॅमचा, त्यात चांदी ९१.७ टक्के. जुन्या वस्तूंच्या बाजारात हौशी गिऱ्हाईक चकचकीत राणीकडे संशयानं पाहतं आणि काळ्या राणीकडे आदरानं. गिऱ्हाइकाचा हा कल विक्रेत्याच्या ध्यानात यायला फार वेळ लागत नाही, आणि मग गेल्या वर्षी कुठल्याशा साच्यात ओतलेली पांढऱ्या धातूची व्हिक्टोरिया एका रात्रीत दीडशे वर्षांनी म्हातारी होते. अमेरिकेत याचं मोठं शास्त्र झालं आहे. १८७८पासून पाडलेले मॉर्गन डॉलर हजार-हजारांच्या कापडी पिशव्यांत सरकारी तिजोऱ्यांत पडून राहिले; कापडाला टेकलेल्या नाण्यांवर इंद्रधनुष्यी रंग चढले, आणि संग्राहक त्या रंगांना जास्त पैसे मोजू लागले. लगेच घरगुती भट्ट्यांत गंधकाच्या सोबतीनं नाणी भाजणारे कलावंत निर्माण झाले. नाणी तपासून प्रतवारी देणाऱ्या संस्था अशा नाण्यावर ‘रंग संशयास्पद’ असा शेरा मारून परत पाठवतात. रंग तोच, रसायन तेच. आक्षेप फक्त घाई केल्याचा.

जुन्या घरांत भिंतीवर लटकलेल्या पणजोबांच्या तपकिरी फोटोलाही कित्येकदा हाच गंधक लागलेला असतो. काळ्या-पांढऱ्या फोटोतली प्रतिमा बारीक चांदीच्या कणांची असते. ती सल्फाइडच्या द्रावणातून काढली की तपकिरी होते आणि हवेपुढे अधिक टिकते, कारण जे व्हायचं ते आधीच होऊन गेलेलं असतं. डार्करूममध्ये अंड्यांचा वास सोसून कुणीतरी पणजोबांना दीर्घायुष्य दिलं. पणतू आता एका बोटानं मोबाइलवर तोच तपकिरी रंग चढवतो आणि खाली ‘व्हिंटेज’ लिहितो.

एवढ्या मेहनतीनं चढवलेलं काळं उतरवायला किती वेळ लागतो? दहा मिनिटं. पातेल्याच्या तळाशी ॲल्युमिनियमची फॉइल, वर खाण्याचा सोडा, थोडं मीठ आणि उकळतं पाणी. चांदी फॉइलला टेकली पाहिजे, बस्स. सल्फाइडमधला गंधक चांदीला सोडून ॲल्युमिनियमच्या मागे लागतो, हलका अंड्याचा वास येतो आणि चांदी पांढरी होते. न घासता होत असल्यामुळे चांदी वायाही जात नाही. अन्नपूर्णेच्या नाकासाठी ही कृती उत्तम. पण तिला निरांजन आणि डिझायनर हार यांतला फरक कळत नाही. सून ऑफिसातून येते तेव्हा सासूबाई हौसेनं ताट पुढे करतात, ‘‘अगं, तुझा तो हार किती काळा पडला होता! मी सगळ्या भांड्यांबरोबर घालून काढला बघ. कसा लख्ख झालाय!’’ हारावरची कमळं, हत्ती आणि सावल्या एका पातेल्यात वाहून गेलेल्या असतात. सून ‘थँक्यू हं आई’ म्हणते, आणि रात्री नवऱ्याला अंडी किती मिनिटं उकडायची ते विचारते.

फॉइलनं किंवा रिठ्यानं निघणार नाही असं काळं हवं असेल तर चांदी प्यावी लागते. अमेरिकेतल्या मोंटाना राज्यातल्या स्टॅन जोन्स यांनी ते करून दाखवलं. १९९९ साली त्यांना भीती पडली, की २००० उजाडताच सगळे संगणक बंद पडतील आणि अँटिबायोटिकं मिळेनाशी होतील. चांदी जंतू मारते, हे त्यांनी ऐकलेलं होतं. ग्लासभर पाण्यात चांदीच्या तारा सोडून त्यांनी वीज जोडली आणि ते पाणी नेमानं प्यायला सुरुवात केली. चांदीचे आयन रक्तातून कातडीपर्यंत पोचतात, उजेडानं तिथेच त्यांची पुन्हा चांदी होते, आणि शरीरातला गंधक व सेलेनियम तिला धरून बसतात. तीच वाटीतली क्रिया, वाटीच्या जागी माणूस. तोंड आणि हात जास्त उघडे, म्हणून तिथे रंग जास्त. संगणक काही बंद पडले नाहीत, जोन्स मात्र निळसर राखाडी झाले, आणि हा रंग सहसा जात नाही. त्याच अवस्थेत २००२ साली त्यांनी लिबर्टेरियन पक्षातर्फे सिनेटची निवडणूक लढवली. हे काय झालं, असं विचारणाऱ्यांना ते हॅलोविनची तालीम चालू आहे म्हणून सांगत. निवडणूक ते हरले. पण मोंटानात त्या पक्षाचा उमेदवार गोरापान असता तरी हरलाच असता, तेव्हा एवढ्या एका बाबतीत तरी चांदीवर ठपका ठेवता येत नाही.